चाल, विसावा आणि पुन्हा चाल
(पायांत रक्त कमी पोचते अशांसाठी व्यायामाचा पाठ)



वारकऱ्याची सारी भिस्त पायांवर असते. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. डोळ्यांना कमी दिसू लागले तर दिंडीतला कुणी हात धरतो, पिशवी जड झाली तर कुणी ती ट्रकात टाकतो. पण पाय काही कुणाचे उसने मिळत नाहीत. म्हणून पायांच्या एका दुखण्याविषयी, आणि त्यावर घरच्या घरी करता येईल अशा व्यायामाविषयी, या पाठात जरा विस्ताराने लिहावे असे आम्ही योजले आहे.

हे दुखणे पुष्कळांच्या ओळखीचे आहे, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. माणूस घरातून निघतो तेव्हा पाय ठणठणीत असतात. दोनशे-तीनशे पावले गेला की पोटरी धरते, गोळा आल्यासारखे होते, पाय ओढावा लागतो. मैलाच्या दगडावर टेकला की पाच-सात मिनिटांत दुखणे उतरते. पुन्हा उठून चालू लागावे, तर पुन्हा तेवढ्याच अंतरावर तोच गोळा. चढ लागला की तो आणखी लवकर येतो. घरची माणसे म्हणतात, "वय झालं आता." शेजारी म्हणतो, "वात आहे, तेल चोळा." आणि तो स्वतः मनाशी म्हणतो, "पायच साथ देत नाहीत, वारी आता पुरे." मग तो ओट्यावर बसून राहतो. बसल्या बसल्या मांडी-पोटरीचे मांस झडते, आणि काल दोनशे पावलांवर धरणारी पोटरी उद्या शंभर पावलांवर धरू लागते.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच : हे दुखणे बहुतेक वेळा पायाला रक्त कमी पोचल्यामुळे येते, अशा पायाला बसवून ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही, त्याला मापाने चालवणे आणि मापाने बळ देणे हा उपाय आहे. मात्र त्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घेतलाच पाहिजे. या तिन्ही गोष्टी आता क्रमाने पाहू.

दुखण्याचे मूळ

शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांसमोर आणा. पाटात गाळ साचला तरी उन्हाळ्याआधी पीक कसेबसे तगते, कारण त्याची तहानच थोडी असते. ऊन तापले, तहान वाढली, की गाळ जाणवतो. पायाचे असेच आहे. हृदयाकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या ज्या नळ्या, त्यांना धमन्या म्हणतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर बसत जातो, तो पुढे कडक होतो आणि वाट अरुंद होते. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडेच रक्त लागते, ते मिळून जाते. चालताना तिला त्याच्या कित्येक पट लागते. ते अरुंद वाटेने येत नाही, म्हणून स्नायू उपाशी राहतो आणि ओरडतो. थांबलो की त्याची मागणी कमी होते आणि ओरड थांबते. दुखणे चालण्याने येते आणि थांबण्याने जाते, त्याचे कारण हेच.

गंमत अशी की हे दुखणे नीट ओळखले गेले ते आधी घोड्याच्या पायात. १८३१ साली फ्रान्समधल्या बुले नावाच्या पशुवैद्याने एका गाडीच्या घोड्याची हकीकत नोंदली. तो घोडा थोडे चालून लंगडू लागे आणि विश्रांती मिळाली की पुन्हा नीट चाले. मेल्यावर पाहिले तर त्याच्या पायाकडे जाणारी धमनी बंद झालेली होती. माणसातल्या अशा लंगडण्याचे वर्णन शार्को या प्रसिद्ध फ्रेंच डॉक्टरांनी १८५८ साली केले. घोड्याला कुणी 'वय झालं' म्हणाले नाही, त्याची धमनी पाहिली. माणसाच्या वाट्याला निदान तेवढा तरी विचार यावा.

पायाचे प्रत्येक दुखणे मात्र यातले नसते, तेव्हा फरक ध्यानी घ्यावा. गुडघ्याची झीज असेल तर दुखणे सांध्यात असते, बसून उठताना पहिली काही पावलेच जड जातात, आणि थांबल्यावर ते ठराविक वेळात उतरते असे नाही. कमरेच्या मणक्यात नस दबली असेल तर नुसते थांबून बरे वाटत नाही; खाली बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. फुगलेल्या, निळ्या, वेड्यावाकड्या शिरा असतील तर दुखणे फार वेळ उभे राहण्याने येते, संध्याकाळी पाय सुजतात आणि पाय उंच ठेवले की आराम पडतो. धमनीच्या दुखण्यात याच्या उलट होते. ते वाढले की पाय उंच ठेवल्याने त्रास होतो आणि खाटेखाली लोंबकळत सोडला की बरे वाटते. हा फरक महत्त्वाचा आहे. शिरांसाठी मिळणारे घट्ट पायमोजे धमनीच्या रोग्याने डॉक्टरांना न विचारता चढवले, तर आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते.

गळ्यात माळ, गालात चिमूट

आता एक कडू गोष्ट सांगतो, ती माउलींनी रागावून न घेता ऐकावी. धमन्या खराब करणाऱ्या गोष्टींत मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली चरबी या आहेतच. पण पायाच्या धमन्यांचा मोठा वैरी म्हणजे तंबाखू. शिवाय तंबाखूशी बांधलेले एक वेगळेच दुखणे आहे. लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते ऐन उमेदीतल्या, बहुधा पन्नाशीच्या आतल्या माणसांना होते. हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद पडतात, बोटे काळी पडतात आणि शेवटी कापावी लागतात. आपल्या देशात बिडी ओढणाऱ्यांत ते आजही दिसते. त्यात तंबाखू पूर्ण सोडणे हाच मुख्य उपाय आहे. दिवसाला एक बिडी ओढली तरी दुखणे पुढे सरकत राहते.

आपण माळ घालतो तेव्हा मद्य-मांस सोडतो. तंबाखूचे मात्र आपण बोलतच नाही. विसाव्याला टाळ खाली ठेवले की चंची बाहेर निघते. मायबहिणींच्या हाताला सकाळी मशेरी लागते. "ओढत नाही, नुसती खातो" ही सबब इथे पुरी पडत नाही, कारण तंबाखूतले निकोटीन गालातूनही रक्तात जाते आणि धमन्या आवळते. ज्याची पोटरी धरू लागली आहे त्याने व्यायामाचा पहिला दिवस आणि तंबाखूचा शेवटचा दिवस एकच धरावा. एकट्याने जमत नसेल तर सरकारी रुग्णालयांत तंबाखू सोडवण्यासाठी सल्ला आणि औषध मिळते. ते मागण्यात कमीपणा नाही.

व्यायामाने काय होते

"धमनी चोंदली आहे, मग व्यायामाने ती उघडेल काय?" असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे खरे उत्तर असे की बसलेला थर व्यायामाने निघून जात नाही. पण त्या थराशिवाय बाकी पुष्कळ बदलते. जेवढे रक्त पोचते तेवढ्यातून अधिक काम काढण्याची सवय स्नायूला लागते. धमन्यांची आतली त्वचा सुधारते आणि त्या गरजेप्रमाणे सैल होऊ लागतात. चाल सुधारते, म्हणजे तेवढ्याच अंतराला शक्ती कमी लागते. मांडी आणि ढुंगणाचे स्नायू बळकट झाले की पोटरीवरचा भार हलका होतो. पाटाला पाणी तेवढेच राहिले, तरी शेतकरी ते नीट फिरवायला शिकला तर पीक वाढते, तसे हे आहे.

हे नुसते म्हणणे नाही, पडताळून पाहिलेले आहे. डेन्मार्कमधल्या दोन डॉक्टरांनी १९६६ साली अशा रोग्यांना दोन गटांत वाटून एका गटाकडून रोज चालण्याचा व्यायाम करून घेतला. त्या गटाचे चालण्याचे अंतर वाढले. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५६ रोगी होते. काहींकडून सहा महिने चालण्याचा व्यायाम करून घेतला आणि काहींकडून पायांच्या बळाचा. चालणाऱ्यांची चाल सुधारली. बळाचा व्यायाम करणाऱ्यांचेही चालणे वाढले आणि त्यांना जिने चढणे सोपे झाले. यावरून दोन्ही व्यायामांचे काम ध्यानी येते. अंतर वाढवायला चाल हवी. चढ, पायरी, उठणे-बसणे यांना बळ हवे.

तिसरा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि तो आपल्याला विशेष विचार करायला लावणारा आहे. त्यात ३०५ रोग्यांचे तीन गट केले होते. एका गटाने बारा महिने पाय दुखू लागेल अशा चालीने चालायचे, दुसऱ्याने मुळीच दुखणार नाही अशा संथ चालीने, आणि तिसऱ्याने व्यायाम करायचा नाही. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे अंतर वाढले. संथ चालणाऱ्यांची स्थिती व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा बरी निघाली नाही. म्हणजे दुखणे टाळून चाललो तर फळ थोडे. दुखण्याच्या दारापर्यंत जायचे, थोडे आत पाऊल टाकायचे आणि मग थांबायचे, यात फळ आहे.

आधी तपासणी

पण इथेच सावध राहिले पाहिजे. ज्याच्या पायाच्या धमन्या चोंदल्या त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही तोच थर असण्याचा संभव मोठा. म्हणून व्यायामाला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. ते पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी चाचपून पाहतात. मग दंडावरचा रक्तदाब आणि घोट्यावरचा रक्तदाब मोजून दोन्हींची तुलना करतात. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी भरला तर पायाचा पुरवठा कमी आहे असे समजतात. मधुमेहाच्या काही रोग्यांत धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा मोठा येतो. तिथे दुसरी तपासणी करावी लागते. तपासणीला सुई लागत नाही आणि दुखतही नाही. रक्त पातळ ठेवणारी, चरबी, साखर आणि दाब ताब्यात ठेवणारी जी औषधे डॉक्टर देतील ती चालूच ठेवावीत. व्यायाम औषधांच्या जोडीला आहे. औषधे बंद करण्याचा परवाना तो नव्हे.

पुढील चौघांनी हा व्यायाम आपल्या मनाने करूच नये : बसल्या जागी किंवा रात्री झोपेत ज्यांचे पाऊल ठणकते, ज्यांच्या बोटांना किंवा टाचेला न भरणारी जखम आहे, ज्यांचे बोट काळे-निळे पडले आहे, आणि थोड्या श्रमाने ज्यांच्या छातीत दुखते किंवा दम लागतो. यांनी आधी डॉक्टर गाठावा.

चालण्याचा नेम

पालखी सोहळ्याची रीत पाहा. पहाटे पालखी हलते, काही अंतरावर विसावा होतो, पुन्हा चाल, दुपारचे जेवण, पुन्हा चाल, पुन्हा विसावा, मग मुक्काम. विसाव्याला बसणारा वारी सोडून गेला असे कुणी म्हणत नाही. विसावा हा वारीचाच भाग आहे. पोटरी धरणाऱ्याने आपल्या चालीकडे याच दृष्टीने पाहावे.

सपाट जागा निवडावी. जिथे बसायला कट्टा, पार, देवळाची पायरी असेल अशी वाट बरी. दुखणे मोजायला आपला जुना आण्यांचा हिशोब घ्या. मुळीच न दुखणे म्हणजे शून्य, आणि पाऊल उचलवतच नाही ते सोळा आणे. जरा झपझप चालू लागावे. चार आणे दुखले तर थांबू नये. आठ ते बारा आणे झाले की थांबावे, टेकावे आणि दुखणे पूर्ण उतरू द्यावे. मग उठून पुन्हा तसेच. सोळा आण्यांपर्यंत ताणण्यात पुरुषार्थ नाही; त्याने माणूस दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडत नाही.

अशी चाल आणि विसावे मिळून आरंभी अर्धा तास करावे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत न्यावे. आठवड्यातून निदान तीन दिवस, आणि निदान बारा आठवडे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. एक वही ठेवावी : किती पावलांवर पोटरी धरली आणि किती वेळाने उतरली. रोज हरिपाठ म्हणणाऱ्याला नेम म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको. हा नेम पायांचा.

अधिक मास नसलेल्या वर्षी पाडव्याच्या दिवशी सुरुवात केली तर ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आळंदीच्या प्रस्थानापर्यंत जवळजवळ बारा आठवडे भरतात. पाडव्याची गुढी उभारावी आणि त्याच सकाळी पहिली चाल करावी, ही आमची सूचना.

बळाचा व्यायाम

हा आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस करावा, पण लागोपाठ नव्हे. मध्ये एक दिवस सोडावा, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. सामान म्हणून न हलणारी एक खुर्ची, एक भिंत आणि एक पायरी पुरे. सुरुवातीला पाच मिनिटे घरातल्या घरात फिरून अंग मोकळे करावे.

पहिला, उठणे-बसणे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून खुर्चीवरून उभे राहा आणि सावकाश बसा. धाडकन बसू नका. खाली येतानाचा सावकाशपणाच मांडीला बळ देतो. जमत नसेल तर आरंभी हातांचा आधार घ्या.

दुसरा, टाचा उचलणे. भिंतीला तळवे टेकून उभे राहा, दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या, क्षणभर थांबा, सावकाश टेका. जी पोटरी धरते तिचाच हा व्यायाम असल्यामुळे ती इथेही दुखेल. दुखली की थांबा, उतरली की पुढे चला.

तिसरा, चवडे उचलणे. भिंतीला पाठ टेकून टाचा जमिनीवर ठेवा आणि चवडे वर घ्या. नडगीच्या पुढच्या स्नायूला बळ येते आणि चालताना पाऊल घासत नाही.

चौथा, पायरी चढणे. देवळाची किंवा ओट्याची एक बुटकी पायरी घ्या, बाजूला धरायला काही असू द्या. उजवा पाय वर, डावा वर. उजवा खाली, डावा खाली. मग डाव्याने सुरुवात. दिवेघाट चढण्याची तालीम या एका पायरीवर होते.

पाचवा, भिंतीशी अर्धे बसणे. पाठ भिंतीला लावून, पाऊल भिंतीपासून एक-दीड फूट पुढे ठेवून, गुडघे थोडे वाकवत खाली घसरा. पाच-दहा अंक मोजा आणि वर या. गुडघा दुखत असेल तर कमी वाका किंवा हा सोडा.

सहावा, पाय मागे नेणे. खुर्चीची पाठ धरून उभे राहा, गुडघा सरळ ठेवून एक पाय मागे उचला, सावकाश आणा, मग दुसरा. ढुंगणाच्या मोठ्या स्नायूचा हा व्यायाम.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा करावा. मग दोन मिनिटे विसावा. मग पुन्हा तेवढाच. जमू लागले की तिसरा फेरा घालावा. शेवटचे दोन-तीन वेळा जड वाटले पाहिजेत. बाराही वेळा सहज जात असतील तर बळ वाढायचे थांबते. अशा वेळी टाचा एका पायावर उचलाव्यात, किंवा उठणे-बसणे करताना छातीशी किलो-दोन किलो धान्याची पिशवी धरावी. घोट्याला वाळूची पिशवी करकचून बांधण्याचा प्रकार मात्र या रोग्यांनी करू नये. तिथली त्वचा नाजूक असते, आणि घासून झालेली छोटी जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास सोडावा, नाहीतर रक्तदाब एकदम चढतो. यासाठी सोपी युक्ती म्हणजे मोठ्याने मोजणे, किंवा मोजण्याऐवजी नाम घेणे. मोठ्याने नाम घेणाऱ्याचा श्वास कोंडत नाही. छातीत दुखले, घेरी आली, घाम सुटला तर त्याच क्षणी थांबावे आणि डॉक्टर गाठावा.

ज्यांना चालणे फारच थोडे जमते त्यांनी हातांचाही व्यायाम करावा. हातांच्या नियमित व्यायामानेही अशा रोग्यांचे चालण्याचे अंतर वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे, कारण त्यात हृदय आणि सगळ्या धमन्यांना व्यायाम घडतो.

वाटेवर पायांची निगा

रक्त कमी पोचणाऱ्या पायाची जखम भरत नाही. त्यात मधुमेह असेल तर पायाची जाणीवही बोथट झालेली असते. खडा रुतला, फोड फुटला तरी कळत नाही. म्हणून रोज मुक्कामाला पोचल्यावर दोन्ही पावले, बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर सोबत्याला पाहायला सांगावे. आषाढातली वाट ओली असते. बेचक्या कोरड्या पुसाव्यात, कोरडे सुती मोजे जवळ बाळगावेत, नवी वहाण वारीत काढू नये. ती महिनाभर आधी पायात मुरवावी.

अनवाणी चालण्याचा नेम पुष्कळांचा असतो. तो भावाचा भाग आहे, त्यावर आम्ही वाद घालीत नाही. एवढेच विचारतो की ज्याचे पाऊल बधिर झाले आहे त्याने काचेच्या तुकड्यावर पाय देऊन पुढच्या वर्षी पायच गमावला, तर कोणता नेम पाळला गेला? अशांनी वाटेवर पायताण घालावे आणि दर्शनापुरते काढावे. देव पायातली वहाण मोजीत बसत नाही.

मुक्कामावर भाविक मंडळी वारकऱ्यांचे पाय गरम पाण्यात बुडवतात, तेल लावतात. सेवा मोठी आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. बधिर पायाला पाण्याची ऊब कळत नाही, म्हणून पाणी आधी कोपराने किंवा सोबत्याच्या हाताने तपासावे. शेकोटीशी पाय धरू नये, विटेचा शेक देऊ नये. आणि तेल हलक्या हाताने लावावे. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल तर ती मुळीच रगडू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

सर्वांत शेवटी ध्यानात ठेवायची खूण : पाय एकाएकी पांढरा-फटक आणि गार पडला, प्रचंड ठणकू लागला, बधिर झाला किंवा हलेनासा झाला, तर धमनीत गुठळी अडकली असे समजावे. इथे तासांचा हिशोब असतो. साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर पाय वाचण्याची आशा मोठी. उशीर झाला तर पाय जातो, कधी जीवही जातो. "सकाळी बघू" म्हणू नये, तेल लावू नये, शेकू नये. पालखी मार्गावर आरोग्य पथके असतात. त्यांना गाठावे किंवा १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठ्या रुग्णालयात जावे. दिंडीप्रमुखांनी ही एक खूण आपल्या दिंडीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी अशी आमची विनंती आहे.

शेवटी दोन शब्द

बारा आठवड्यांच्या व्यायामाने प्रत्येकजण अडीचशे किलोमीटर चालू लागेल असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. दोनशे पावलांवर थांबणारा माणूस पाचशे पावले गेला, तर तो आपल्या पायांनी देवळात जातो, शेतावर जातो, नातवाला शाळेत सोडून येतो. कुणी पूर्वी पूर्ण वाट चालत असेल, तो आता शेवटचे दोन मुक्काम चालेल. कुणी एकच टप्पा चालेल आणि पुढे गाडीत बसेल. कुणी आपल्या गावच्या वेशीपासून विठ्ठलमंदिरापर्यंत चालेल. गाडीत बसला म्हणून त्याची वारी उणी होत नाही, आणि दिंडीतल्या धडधाकट मंडळींनी त्याला तसे भासवूही नये. उलट विसाव्याला त्याच्याशेजारी जागा धरावी.

पण जो मुळातच उठत नाही, "माझं संपलं" म्हणून ओट्यावर बसतो, त्याला मात्र आमचे सांगणे आहे : माउली, पोटरी धरली म्हणजे वाट संपली असे नव्हे, विसाव्याची जागा आली. टेका, दुखणे उतरू द्या आणि उठा. उद्या सकाळी खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, भिंत धरून दहा वेळा टाचा उचला आणि वहीत पहिली ओळ लिहा.

राम कृष्ण हरी.